उत्तर १०२ टक्के आलं, आणि विहिरीतून गॅस निघाला

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी नागपुरात एम.एस्सी. भूविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळी प्रशिक्षणात आम्हाला एका खोल विहिरीचे लॉग (विहिरीत यंत्रं सोडून खोलीनुसार काढलेल्या मोजमापांच्या रेषा) सरावासाठी दिले होते. त्यातल्या एका वालुकाश्माच्या थरासमोर डेन्सिटी (घनता) २.५१, न्यूट्रॉन (हायड्रोजनवरून काढलेली सच्छिद्रता) ९ टक्के, रेझिस्टिव्हिटी (रोधकता, म्हणजे विजेला होणारा विरोध) ४० ओहम-मीटर आणि गॅमा रे (दगडाचा नैसर्गिक किरणोत्सार) ७० च्या आसपास आहे. थरातल्या पाण्याची रोधकता २५ अंश सेल्सिअसला ०.३० ओहम-मीटर दिली आहे, थराचं तापमान १२० अंश. सगळं आर्चीच्या सूत्रात घातलं तर पाण्याची संपृक्तता (छिद्रांतला पाण्याचा वाटा) १०२ टक्के आली. न्यूट्रॉन आणि डेन्सिटीच्या रेषा एकमेकींना ओलांडतही नाहीत, म्हणून मी ‘गॅस नाही’ असं लिहून दिलं. नंतर अहवालाचं शेवटचं पान दाखवलं : हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगनंतर (दाबाने द्रव सोडून दगडाला भेगा पाडल्यावर) याच थरातून गॅस आला, पाणी जवळजवळ नाहीच. हे काय होऊन राहिलं? सूत्र चुकीचं की लॉग?
— एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर : तुझी आकडेमोड मी पुन्हा करून पाहिली. गुणाकार-भागाकार सगळे बरोबर आहेत. घोळ एकाच ठिकाणी आहे आणि तो तुझ्या पत्रातच दिसतो : पाणी मोजलं २५ अंशांना, थर आहे १२० अंशांवर. खारं पाणी तापलं की त्यातून वीज जास्त सहज वाहते, रोधकता उतरते. सेल्सिअससाठी आर्प्सचा हिशेब सोपा आहे. दोन्ही तापमानांत २१.५ मिळवायचे आणि त्या प्रमाणात आकडा खाली आणायचा. ०.३० गुणिले ४६.५ भागिले १४१.५, म्हणजे ०.१० ओहम-मीटर. तू खालच्या पाण्याला तिप्पट रोधक धरलंस. ही एक दुरुस्ती केली की १०२ टक्क्यांचे ५९ टक्के होतात.

पण म्हणून वही मिटू नकोस. ५९ हासुद्धा कच्चाच आकडा आहे, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

गस आर्ची शेल कंपनीत होते. त्यांचं सूत्र १९४२ साली छापून आलं. त्यांच्यासमोर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याची स्वच्छ, मोकळी, भरपूर छिद्रं असलेली वाळू होती. तिथे वीज वाहून नेणारं एकच, छिद्रांतलं खारं पाणी. वाळूचे कण आणि तेल-वायू वीज नेत नाहीत. म्हणून सच्छिद्रता आणि पाण्याची रोधकता कळली की पाणी किती आणि गॅस किती हे काढता येतं. सूत्रातला ‘एम’ हा घातांक छिद्रांच्या वाटा किती वाकड्या आहेत ते सांगतो. सुट्या वाळूसाठी आर्चींनी तो १.३ दिला, घट्ट वालुकाश्मासाठी १.८ ते २. आपण वर्गात सरसकट २ शिकतो आणि तेच सगळीकडे घालत सुटतो.

२५ टक्के सच्छिद्रतेच्या वाळूत हे खपून जातं. ८ टक्क्यांच्या दगडात खपत नाही. तुझ्याच थराचा हिशेब बघ. डेन्सिटीवरून सच्छिद्रता काढताना तू कणांची घनता २.६५ धरलीस, म्हणजे शुद्ध क्वार्ट्झची. २.६५ वजा २.५१ भागिले १.६५, उत्तर ८.५ टक्के. आता समज, त्या दगडात कॅल्साइटचा किंवा सिडेराइटचा थोडा सिमेंट आहे, थोडा क्लोराइट (चिकणमातीचं एक जड खनिज) आहे, आणि कणांची खरी घनता २.६८ आहे. फरक फक्त ०.०३ चा. सच्छिद्रता झाली १०.१ टक्के. उलट, फेल्डस्पार जास्त असून घनता २.६२ असेल तर ६.८ टक्के. लॉगचा आकडा तोच, २.५१. मोकळ्या वाळूत एवढ्या फरकाने सच्छिद्रता २५ ची २६ होते आणि कोणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र ६.८ की १०.१ यावर विहीर पुढे न्यायची की सोडायची ते ठरतं.

मग ही चूक आर्चीच्या सूत्रातून थेट पाण्याच्या टक्क्यात उतरते. ६.८ टक्के धर, पाणी ७३ टक्के येईल. १०.१ धर आणि ‘एम’ २ ऐवजी १.८ घे, पाणी ३९ टक्के. तुझ्या १०२ टक्क्यांपासून या ३९ टक्क्यांपर्यंत लॉगची एकही रेषा हललेली नाही. हललं ते फक्त दगडाबद्दल आपण काय समजून चाललो ते.

म्हणून माझं सांगणं असं की कमी सच्छिद्रतेच्या वालुकाश्मात आधी दगड वाचायचा, मग लॉग. क्रम उलटा झाला की आकडे कितीही देखणे निघोत, त्यांना बूड नसतं. मी इतकी वर्षं लॉग वाचण्याचंच काम केलं आणि नवीन मुलं माझ्याकडे यायची तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे मी संगणक उघडत नसे; कोअरचे (विहिरीतून कापून काढलेल्या दगडी दांड्याचे) तुकडे आणि भिंग ठेवत असे.

तू नागपूरची आहेस, तुला तर हे घराजवळ शिकता येतं. एखाद्या रविवारी मैत्रिणींना घेऊन कामठी-सिलेवाड्याकडे जा. ज्या कामठी फॉर्मेशनचं (खडकांच्या थरांच्या गटाचं) नाव तू परीक्षेत लिहितेस तिचं बारसं या गावावरूनच झालं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात याच भागातून ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीची दगडात उमटलेली पानं गोळा केली. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. तिथला एखादा सुटा पडलेला तुकडा उचल. भरड, लोहाने तांबूस झालेला, बोट घासलं तर वाळू हाताला लागते. त्यावर बाटलीतून एक थेंब सोड. बघता बघता आत जातो, ओला डाग तेवढा उरतो.

आता तिथून आग्नेयेला, गोदावरीच्या मुखाकडे चल. प्राणहिता-गोदावरीची गोंडवना खळगी किनाऱ्याकडे जात जात तरुण थरांच्या खाली गाडली गेली आहे. आंध्र प्रदेशातल्या मंडपेटा इथे तिच्यातल्या पर्मियन-ट्रायासिक (सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) वालुकाश्मातून गॅस मिळतो. आपल्या कामठीच्याच सुमाराचा हा दगड, पण किलोमीटरच्या हिशेबाने खोल पुरलेला. मी राजमहेंद्रीला होते तेव्हा अशा खोल, घट्ट वालुकाश्माचे कोअर हाताळायला मिळाले. ताज्या फुटलेल्या तोंडावर थेंब ठेवला की तो टिचभर गोल होऊन बसून राहायचा. भिंगाखाली वाळूचे मूळ गोल कण ओळखू यायचे, पण प्रत्येकाभोवती नवा क्वार्ट्झ वाढून कण एकमेकांत रुतलेले. तापमान ८०-९० अंशांच्या पुढे गेलं की हा क्वार्ट्झचा सिमेंट जोरात वाढायला लागतो. कणांमधल्या मोठ्या जागा बुजतात, उरतात त्या कागदाच्या घडीसारख्या चपट्या फटी, फेल्डस्पार विरघळून झालेली काही छिद्रं आणि चिकणमातीच्या कणांमधली बारीक पोकळी. लॉगवर या सगळ्याची बेरीज एकच दिसते : ८ टक्के. पण फटीतले ८ टक्के आणि मातीतले ८ टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकातून गॅस वाहील, दुसऱ्यातून काहीच नाही.

आता तुझा खरा प्रश्न. ५९ म्हण, ४५ म्हण, छिद्रांत इतकं पाणी असताना विहिरीतून पाणी का आलं नाही? धुतलेला टॉवेल पिळून दोरीवर टाकला की तो ओला असतो, पण त्यातून थेंब गळत नाही. घट्ट वालुकाश्मातलं बरंचसं पाणी तसं असतं. बारीक फटींमध्ये आणि मातीच्या कणांवर ते केशाकर्षणाने इतकं घट्ट धरलेलं असतं की विहिरीत दाब कितीही उतरवला तरी जागा सोडत नाही. मोकळ्या वाळूत असं बांधलेलं पाणी १५-२० टक्के असतं, म्हणून तिथे ५९ टक्के पाणी दिसलं की हिंडतं-फिरतं पाणी आहे आणि विहीर पाणी देणार हे समजायचं. तोच नियम इथे लावला की चांगला थर हातचा जातो. सच्छिद्रता आणि पाण्याचं प्रमाण यांचा गुणाकार करून बघ : ०.०८५ गुणिले ०.५९, साधारण ०.०५. थराच्या वरपासून खालपर्यंत हा गुणाकार जवळपास सारखाच राहत असेल, म्हणजे सच्छिद्रता घटली तिथे पाण्याचा टक्का त्याच प्रमाणात वाढत असेल, तर ते पाणी बांधलेलं आहे असं मानायला जागा आहे. एकाच खोलीपासून हा गुणाकार एकदम वाढला तर खाली मोकळं पाणी आहे का, हे तपास.

याची दुसरी बाजूही डोक्यात ठेव. अमेरिकेत घट्ट वायूची (घट्ट दगडातल्या वायूची) सरकारी व्याख्या ०.१ मिलिडार्सीपेक्षा कमी पारगम्यता (द्रव-वायू वाहू देण्याची क्षमता) अशी केली गेली; चांगल्या वाळूची पारगम्यता शेकड्यांत असते. इतक्या अरुंद वाटांत पाणी आणि गॅस दोघं घुसले की एकमेकांची वाट अडवतात. पाण्याच्या प्रमाणाचा एक मधला पट्टा असा असतो की त्यात गॅसही हलत नाही आणि पाणीही हलत नाही. २००४ पासून याला ‘परमिएबिलिटी जेल’, म्हणजे पारगम्यतेचा तुरुंग, म्हणतात. म्हणजे विहिरीतून पाणी आलं नाही याचा अर्थ थरात मोकळा गॅस आहे असाही आपोआप होत नाही. तुझ्या थरातून गॅस आला हे चाचणीने सिद्ध झालं म्हणून बोलता येतं. नुसत्या लॉगवर मी छातीठोक बोलले नसते.

न्यूट्रॉन आणि डेन्सिटी ओलांडत नाहीत यावरून तू ‘गॅस नाही’ लिहिलंस. पुस्तकात तसंच दिलेलं असतं : गॅसमध्ये हायड्रोजन कमी, म्हणून न्यूट्रॉन सच्छिद्रता कमी दाखवतो, गॅस हलका, म्हणून डेन्सिटीवरून ती जास्त दिसते, दोन रेषा ओलांडतात आणि मधला भाग रंगवून आपण खूश होतो. पण ८ टक्के छिद्रांत गॅस असून असून किती असणार? त्याची खूणही तेवढीच पुसट. त्यात मातीचे कण. मातीत बांधलेला हायड्रोजन न्यूट्रॉनला सच्छिद्रता वाटतो, आकडा वर जातो आणि गॅसने खाली ओढलेली रेषा पुन्हा जागेवर येते. आणखी एक गोष्ट शिकवली जात नाही. ड्रिलिंगच्या मडमधलं (खोदताना विहिरीत सोडलेल्या चिखलासारख्या द्रवातलं) पाणी घट्ट दगडात उथळ घुसत असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा दूरवर जातं. भिंतीवर मडचा लेप हळू धरतो, आणि तितकंच पाणी सामावून घ्यायला छिद्रं कमी असल्याने ते लांब पसरतं. न्यूट्रॉन आणि डेन्सिटी काही इंचच आत बघतात. त्यांना दिसतं ते मडच्या पाण्याने धुतलेलं दगडाचं तोंड. गॅस त्याच्या मागे सरकलेला असतो. म्हणून तुझ्याकडच्या ८.५ आणि ९ या जवळपास बसलेल्या रेषांवरून गॅस आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

याच जागी उलटा सापळाही आहे आणि त्यात जाणती माणसंही अडकतात. लॉगच्या डोक्यावरचं स्केल वाच. डेन्सिटी १.९५ ते २.९५ आणि न्यूट्रॉन ४५ ते उणे १५ असेल तर तो चुनखडकाच्या मापाने काढलेला लॉग आहे. त्यावर स्वच्छ, पाण्याने भरलेल्या वालुकाश्मातही रेषा सहा-सात टक्क्यांनी ओलांडलेल्या दिसतात, गॅसचा टिपूस नसताना. वालुकाश्माच्या मापात डेन्सिटी १.९० ते २.९० असते. हे एक बघायचं राहिलं की पुढचं सगळं वाचन वाकडं.

गॅमा रे ७० बघून ‘शेल (चिखलाचा दगड) बरीच आहे’ असं तू म्हणशील. असेलही. पण गोंडवनाचा वालुकाश्म फेल्डस्पारने भरलेला असतो, आणि पोटॅश फेल्डस्पारमधलं पोटॅशियम गॅमा रेला शेलसारखंच दिसतं. स्पेक्ट्रल गॅमा असेल तर थोरियम आणि पोटॅशियम वेगळे काढून बघ : थोरियम कमी आणि पोटॅशियम जास्त निघालं तर संशय फेल्डस्पारवर घे. मातीच असेल तर सूत्र बदलायला हवं, कारण माती स्वतः वीज नेते आणि आर्ची ती सगळी पाण्याच्या खात्यावर टाकतो. त्यासाठी १९६८ चं वॅक्समन-स्मिट्स सूत्र आहे, इंडोनेशिया समीकरण आहे. ती वापर, पण त्यांनाही मातीचं प्रमाण किंवा तिची विद्युतक्षमता द्यावी लागते, आणि ती दगडातूनच येते. पायराइटचे ठिपके दिसले तर रेझिस्टिव्हिटी आणखी फसवेल, कारण पायराइट धातूसारखा वीज वाहतो.

हा थर माझ्यापुढे आला असता तर मी काय मागितलं असतं? सगळ्यात आधी कॅलिपर, म्हणजे विहिरीची रुंदी मोजणारा लॉग. डेन्सिटीचं यंत्र भिंतीला टेकून चालतं. भिंत खचलेली असेल तर ते मडच मोजतं. मग कोअर, आणि पूर्ण कोअर नसेल तर निदान बाजूच्या भिंतीतून काढलेले नमुने. त्यांची कणघनता, सच्छिद्रता आणि प्रयोगशाळेत मोजलेले ‘एम’ आणि ‘एन’ (सूत्रातला पाण्याच्या संपृक्ततेवरचा घातांक). हे सगळं थराइतक्या दाबाखाली मोजलेलं हवं, कारण वर आणल्यावर चपट्या फटी उघडतात आणि पारगम्यता कितीतरी पट जास्त दिसते. त्यानंतर एनएमआर लॉग, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने छिद्रांतल्या द्रवातला हायड्रोजन मोजणारा. त्याला कणांची घनता विचारावी लागत नाही, आणि बांधलेलं पाणी आणि मोकळा द्रव तो वेगळे दाखवतो. संकेत विझायला लागणाऱ्या वेळेवरून हे ठरतं; वालुकाश्मात ३३ मिलिसेकंदांची सीमा प्रघात म्हणून घेतात, पण कोअरवर तपासूनच. गॅसमध्ये हायड्रोजन कमी असल्याने एनएमआर सच्छिद्रता कमी दाखवतो आणि डेन्सिटी जास्त दाखवते, म्हणजे दोघांमधली तफावतच गॅसची साक्ष होते. न्यूट्रॉनला मातीने जे झाकलं ते इथे पुष्कळदा उघडं पडतं. इमेज लॉगवर (विहिरीच्या भिंतीच्या चित्रावर) नैसर्गिक भेगा दिसल्या तर उत्तम. थराचा दाब मोजणाऱ्या छोट्या प्रोबवर मात्र इथे फार भिस्त ठेवू नकोस. दगड इतका घट्ट की बहुतेक वेळा आकडा स्थिरच होत नाही, किंवा मडच्या दाबाने फुगलेला येतो.

आणखी एक दुरुस्ती राहिली. कणघनता २.६८ धरून मी १०.१ टक्के काढले तेव्हा छिद्रांत पाणी आहे असं धरलं, द्रवाची घनता १. भिंतीजवळ थोडा गॅस उरला असेल आणि सरासरी घनता ०.८ असेल, तर सच्छिद्रता ९ टक्क्यांवर येते आणि ‘एम’ १.८ ने पाणी ४४ टक्के. म्हणून तुझ्या कागदावर एक आकडा लिहू नकोस. लिही : सच्छिद्रता ७ ते १० टक्के, पाणी ४० ते ७५ टक्के, कोणती बाजू खरी ते कणघनता आणि ‘एम’ ठरवतील, आणि कोअर मिळेपर्यंत थर सोडून देऊ नये. परीक्षकाला एकच आकडा हवा असेल तर तो दे, पण त्याच्यामागे काय धरलं ते शेजारी लिहून दे. लॉग वाचणाऱ्याची सही त्या ओळीखाली असते.

प्रश्न : मी कोळशाच्या शोधासाठी घेतलेल्या बोअरहोलचं लॉगिंग करणाऱ्या पथकात आहे. उमरेड, सावनेरकडे आमचं काम चालतं. कोळशाच्या वरच्या वालुकाश्मात आम्हाला पुष्कळदा २०० ओहम-मीटर रेझिस्टिव्हिटी दिसते. तेलाच्या विहिरीत २० ओहमला तेल म्हणतात असं वाचलं. मग आमच्या २०० ओहमच्या वाळूत गॅस असू शकतो का?
— एक तंत्रज्ञ, कोराडी रोड

उत्तर : नाही हो. तुमच्या वाळूत गोडं पाणी आहे. रेझिस्टिव्हिटी एकटी कधीच काही सांगत नाही. पाणी खारं की गोडं आणि छिद्रं किती, हे दोन्ही सोबत विचारावं लागतं.

आकड्यात बघा. २५ टक्के सच्छिद्रतेची वाळू, त्यात खोलवरचं खारं गरम पाणी ०.१ ओहम-मीटरचं. पूर्ण पाण्याने भरलेली असताना ती १.६ ओहम-मीटर दाखवते. म्हणून तिथे २० दिसले की तेल किंवा गॅस आहे असं म्हणतात. आता तेच पाणी ३ टक्के सच्छिद्रतेच्या घट्ट दगडात भरा. उत्तर येतं १११ ओहम-मीटर, आणि हायड्रोकार्बनचा थेंब नाही. वरच्या पत्रातल्या विद्यार्थिनीनेही हे वाचावं. घट्ट वालुकाश्मात रेझिस्टिव्हिटी चढली की पहिला संशय गॅसवर घ्यायचा नाही, दगड आणखी घट्ट झाला का ते बघायचं.

तुमच्याकडे तिसरा प्रकार. आपल्या भागातल्या विहिरीचं पाणी, समजा, १००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेचं आहे. म्हणजे १० ओहम-मीटर. २० टक्के सच्छिद्रतेच्या वाळूत ते आर्चीच्या हिशेबाने २५० येतं. थोडी माती धरली की तुमचे २०० बसतात. शंका असेल तर बोअरजवळच्या विहिरीचं पाणी वाहकता मापकावर तपासा, घटकाभराचं काम आहे.

कोळशाच्या थरात रेझिस्टिव्हिटी चढते ती कोळशाच्या स्वतःच्या गुणामुळे. मिथेन असतो तो कोळशाच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून, छिद्रांत मोकळा नव्हे, त्यामुळे तो या हिशेबात पकडता येत नाही. त्यासाठी कोळशाचा कोअर डब्यात बंद करून किती वायू सुटतो ते मोजतात. तुम्ही जे करता ते मात्र कमी लेखू नका. डेन्सिटी एकदम १.३-१.६ वर उतरते, गॅमा पडतो, आणि सीमची (कोळशाच्या थराची) वरची-खालची कड अचूक धरता येते. रोज ताजा कोअर आणि लॉग शेजारी ठेवून बघायला मिळतो तुम्हाला. तेलाच्या लोकांना प्रत्येक मीटरचा कोअर कुठे मिळतो? ती सवय ठेवा, आणि कोअरच्या पेटीवर खोली नीट लिहीत जा.

प्रश्न : माझा काटोलला संत्र्याचा बगीचा आहे. ६०० फुटांचा बोअर जवळपास कोरडा गेला. एक जण म्हणतो, मशीन सोडून बोअरचा लॉग काढून देतो, त्यात पाणी कुठे आहे ते दिसेल. खर्च करावा का?
— एक शेतकरी, काटोल

उत्तर : भाऊ, लॉग बोअरच्या भिंतीचं वर्णन देतो, पाणी आणून देत नाही. काळ्या कातळात घट्ट भाग जास्त रोधकता दाखवतो. भेगाळलेला, झिजलेला किंवा दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीचा पट्टा कमी दाखवतो. कॅलिपरवर भेगांच्या जागी बोअर रुंदावलेला दिसतो. यावरून पुढचा बोअर किती खोल घ्यायचा आणि केसिंग कुठपर्यंत टाकायचं, याचा अंदाज चांगला बांधता येतो. पण लाल मातीही कमी रोधकता दाखवते आणि ती पाणी देईलच असं नाही, तेव्हा ‘रेषा खाली आली म्हणजे पाणी’ असं कोणी सांगितलं तर मानू नका. ड्रिलिंगच्या वेळी कोणत्या खोलीवर चुरा बदलला आणि कुठे ओल लागली, हे गाडीवाल्याकडून लिहून घेतलं असेल तर त्या वहीसोबतच लॉग वाचायला सांगा.

विजेवर चालणाऱ्या नेहमीच्या लॉगला बोअरमध्ये पाणी लागतं. कोरड्या भागात तो चालत नाही, तिथे गॅमा, कॅलिपर अशा रेषाच मिळतील. लोखंडी केसिंग असलेल्या भागातही रोधकता मोजता येत नाही. तेव्हा काढायचाच असेल तर पावसाळा संपल्यावर, बोअरमध्ये पाण्याची पातळी वर असताना काढा, केसिंग किती फूट आहे ते मशीनवाल्याला आधी सांगा, आणि तो कोणकोणत्या रेषा काढून देणार ते पैसे देण्यापूर्वी विचारा. नुसती एक रेष देणार असेल तर नको म्हणा.